मिनरल सनस्क्रीन आणि नॅनोकण: पुण्याच्या उन्हासाठी निवडायचं कसं, लावायचं कसं

मिनरल सनस्क्रीन घेणाऱ्यांना दोन शंका हमखास येतात. चेहरा पिठात बुडवल्यासारखा का दिसतो? आणि तसा दिसू नये म्हणून नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं घेतलं, तर ते बारीक कण अंगात जातात का? दोन्हीचं उत्तर कणाच्या आकारात आहे. हा आकार नीट समजला की ट्यूबवरची निम्मी जाहिरात आपोआप गळून पडते आणि कोणती ट्यूब आपल्या कामाची हे ठरवता येतं. म्हणून लावण्याच्या पायऱ्यांकडे वळण्याआधी थोडं कणांबद्दल.

कण नेमकं काय करतो

मिनरल सनस्क्रीनमध्ये ऊन अडवणारे पदार्थ दोनच: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड. दोन्ही पांढऱ्या पुडी. टायटॅनियम डायऑक्साइडचे 200 ते 300 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण दिसणारा प्रकाश सगळ्यात जास्त विखुरतात, म्हणून भिंतीच्या पांढऱ्या रंगात तो वापरतात. तोच आकार चेहऱ्यावर लावला तर चेहराही भिंतीसारखाच पांढरा दिसणार. कण 100 नॅनोमीटरच्या खाली आणला, म्हणजे नॅनो केला, की दिसणारा प्रकाश त्याला फारसा अडत नाही आणि थर पारदर्शक होतो. अतिनील किरण मात्र तेव्हाही अडतात, कारण ते अडवण्याची रीत वेगळी आहे.

ही रीत पुष्कळ ठिकाणी चुकीची सांगितली जाते. खनिजं आरशासारखी किरणं परतवतात, असं अजूनही लिहिलं जातं. प्रत्यक्षात झिंक आणि टायटॅनियम अतिनील किरण बहुतांशी शोषून घेतात आणि त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतात. ही उष्णता जाणवण्याइतकी नसते. परतवला जाणारा वाटा साधारण 5 टक्क्यांच्या आसपास. म्हणून थर पांढराफटक दिसला की संरक्षण जास्त, हा समज सोडून द्यावा.

दोन्ही खनिजं सारखी नाहीत. झिंक ऑक्साइड सुमारे 375 नॅनोमीटरपर्यंत शोषतं, म्हणजे त्वचा भाजणारे यूव्हीबी आणि काळवंडवणारे, सुरकुत्या आणणारे यूव्हीए या दोन्हींवर त्याचा चांगला पगडा असतो. टायटॅनियम डायऑक्साइड यूव्हीबीला जोरदार अडवतं, पण त्याचा कण जितका लहान करावा तितकं यूव्हीएवरचं काम उतरतं. शिवाय फार बारीक टायटॅनियम निळसर प्रकाश जास्त विखुरतं. सावळ्या त्वचेवर जी जांभळट-राखाडी झाक येते ती त्यामुळे. आपल्याकडच्या बहुतेक वर्णांना झिंकप्रधान सनस्क्रीन जास्त शोभतं.

आता गुठळ्या. पिठलं करताना बेसन एकदम टाकलं की काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. नॅनोकण त्याहून चिवट असतात. एकमेकांना चिकटून ते मायक्रॉनभर (हजार नॅनोमीटर) जाडीचे पुंजके करतात. पुंजका झाला की दोन तोटे एकदम होतात: पांढरेपणा परत येतो, आणि पुंजक्यांमधल्या मोकळ्या जागेतून ऊन थेट आत शिरतं. कारखान्यात यासाठी खास दळणयंत्रं आणि कण वेगळे ठेवणारे पदार्थ लागतात. त्यामुळे ‘20 टक्के झिंक’ असं दोन ट्यूबवर लिहिलेलं असलं तरी दोन्हींचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, सारखा असेलच असं नाही. कण किती सारखे पसरलेत, यावर ते ठरतं.

तिसरी गोष्ट आवरणाची. उघडं टायटॅनियम डायऑक्साइड, त्यातही त्याचं अ‍ॅनाटेज रूप, ऊन पडलं की आजूबाजूच्या पदार्थांचं विघटन करू लागतं. आपोआप स्वच्छ होणाऱ्या काचांवर याच गुणामुळे त्याचा लेप देतात, पण त्वचेवर हा गुण नको. म्हणून सनस्क्रीनमध्ये शक्यतो रुटाइल रूप वापरतात आणि कणावर सिलिका, अ‍ॅल्युमिना किंवा सिलिकॉनचं पातळ कवच चढवतात.

अंगात जातात का?

धडधाकट त्वचेतून नाही. सर्वांत वरच्या मृत पेशींच्या थरात आणि केसांच्या मुळांच्या खोबणीत कण अडकतात आणि पेशी झडतील तसे निघून जातात. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन हाच निष्कर्ष काढला आहे. तिथेच माणसांवर झालेल्या एका प्रयोगात ओळखू येईल असा झिंकचा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचं वेगळ्या वजनाचं रूप) वापरला होता. रक्तात त्याचा अत्यल्प अंश सापडला, पण तो अखंड कणांचा की विरघळलेल्या झिंकचा, हे त्या मोजणीतून ठरत नाही. आणि झिंक शरीरात मुळात असतंच, जेवणातून रोज येतंच.

फुप्फुसांचं मात्र वेगळं आहे, आणि इथे आम्ही ठाम आहोत. टायटॅनियम डायऑक्साइडच्या धुळीला कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 2006 साली ‘संभाव्य कर्ककारक’ या 2-बी गटात टाकलं, ते श्वासावाटे जाणाऱ्या धुळीबद्दल. त्वचेवर बसलेल्या क्रीमचा त्यात संबंध नाही. पण फवारा मारायची सनस्क्रीन आणि ब्रशने लावायची पावडर यांतून कण नाकात जाऊ शकतात. नॅनो खनिज असलेला स्प्रे किंवा सुटी पावडर घेऊ नये. लहान मुलांजवळ तर मुळीच नाही. क्रीम, लोशन किंवा कांडी घ्यावी.

फाटलेली, भाजलेली, एक्झिमा चिघळलेली त्वचा असेल तर तिथे सनस्क्रीन लावू नये, कापडाने झाकावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सावली आणि टोपडं पुरे.

पायरी पहिली: ट्यूब उलटी करून वाचा

पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा. मागची घटकांची यादी बघा.

झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांपैकी कोणतं आहे आणि यादीत किती वर आहे, हे आधी पाहावं. टक्केवारी दिली असेल तर उत्तम. नुसत्या झिंकच्या बळावर एसपीएफ 30 गाठायला साधारण 18 ते 25 टक्के झिंक लागतं. 5 टक्के झिंक लिहिलेलं आणि एसपीएफ 50 सांगणारं सनस्क्रीन असेल, तर उरलेलं काम दुसरं कुणीतरी करतंय. ते दुसरं कुणीतरी म्हणजे अ‍ॅव्होबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टोक्रिलीन यांसारखी रासायनिक गाळणी, म्हणजे अतिनील किरण शोषणारी इतर रसायनं. ती असणं वाईट नाही, पण मग ते शुद्ध मिनरल नाही. ‘100 टक्के मिनरल’ म्हणवणाऱ्या काही ट्यूबमध्ये ब्युटिलऑक्टिल सॅलिसिलेट हा पदार्थ असतो. अधिकृत गाळणी म्हणून त्याची नोंद नसली तरी तो अतिनील किरण शोषतो. रासायनिक गाळणीमुळे डोळे चुरचुरतात म्हणून कुणी मिनरलकडे वळलं असेल, तर हे नाव लक्षात ठेवावं.

नॅनो आहे की नाही, हे कसं ओळखायचं? युरोपात घटकाच्या नावापुढे तसं लिहावंच लागतं आणि दोन्ही खनिजांना 25 टक्क्यांची मर्यादा आहे. आपल्याकडच्या पुष्कळ ट्यूबवर हा शब्द नसतो. तेव्हा अंदाज बांधावा लागतो: झिंक 15-20 टक्के असूनही थर पारदर्शक होत असेल, तर कण बहुधा नॅनो आहेत. यादीत पॉलिहायड्रॉक्सिस्टिअरिक अ‍ॅसिड दिसलं तर कण नीट पसरवण्याची काळजी घेतली आहे. ट्रायएथॉक्सीकॅप्रिलिलसिलेन, सिलिका, अ‍ॅल्युमिना, स्टिअरिक अ‍ॅसिड ही नावं बहुधा कणांवरच्या कवचाची. ही नावं दिसली की आम्हाला ट्यूबबद्दल जास्त भरवसा वाटतो.

यूव्हीएसाठी पीए चिन्हं बघा. पीएपुढे अधिकची तीन चिन्हं (+++) म्हणजे चांगलं, चार म्हणजे त्याहून चांगलं. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो: 15 ला सुमारे 93 टक्के, 30 ला 97, 50 ला 98 टक्के अडतं. 30 आणि 50 मधला फरक कागदावर एका टक्क्याचा दिसतो, पण कमी लावण्याची सवय असलेल्यांनी 50 घ्यावं. कारण पुढे येईल.

बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक आणि मुदत नसलेली ट्यूब कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

वांग असणाऱ्यांनी इथे थांबावं

गालावर वांग असेल, मुरमांचे काळे डाग पटकन उठत असतील, तर निव्वळ नॅनो सनस्क्रीन अपुरं पडतं. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत दिसणारा प्रकाश, विशेषतः निळा-जांभळा भाग, डाग गडद करतो. आणि जो थर आपल्या डोळ्यांना दिसत नाही, तो दिसणारा प्रकाश अडवत नाही, हे उघड आहे. पारदर्शकतेची किंमत ही अशी मोजावी लागते. झिंक 375 च्या पुढे थकतं, आणि त्यापुढचा पट्टा उघडा राहतो.

यावर उपाय म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाकडे झुकणारं टिंटेड सनस्क्रीन. यादीत सीआय 77491, 77492 आणि 77499 हे आकडे शोधा: अनुक्रमे लाल, पिवळं आणि काळं. तिन्ही असली तर रंग आपल्याकडच्या त्वचेशी जुळतो आणि झिंकची पांढरट झाकही झाकली जाते. छटा निवडताना हातावर लावून बघू नका, जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाबाहेर उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा बाहेर आल्यावर राखाडी दिसते.

पायरी दुसरी: घरी एक तपासणी

ही तपासणी एसपीएफ सांगत नाही, पण थर कसा बसतो ते डोळ्यांनी दाखवते. 365 नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च, पांढरा छपाईचा कागद आणि काचेची पातळ पट्टी एवढंच लागतं. छपाईच्या कागदात चमक आणणारी द्रव्यं असतात, ती अतिनील प्रकाशात निळी उजळतात.

काचेवर 5 बाय 5 सेंटिमीटरचा चौकोन आखा. त्यावर क्रीमचा जेमतेम एक थेंब, म्हणजे साधारण 50 मिलिग्रॅम, सारखा पसरा. पंधरा मिनिटं वाळू द्या. काच कागदावर ठेवा, खोली अंधारी करा आणि वरून टॉर्च मारा. टॉर्चकडे थेट बघू नका, मुलांच्या हाती देऊ नका. चौकोनाखालचा कागद मंद दिसायला हवा. ठिपके-ठिपके उजळले तर थर सलग बसलेला नाही: क्रीममध्ये गुठळ्या आहेत किंवा आपणच घाईने पसरलं. दुसऱ्यांदा करून बघा. पुन्हा तेच झालं तर दोष क्रीमचा.

इथे एक चूक फार होते. बाजारातले पुष्कळ स्वस्त टॉर्च 395 चे असतात, जांभळा उजेड देतात. तो प्रकाश झिंकच्या हद्दीबाहेर आहे. त्याने तपासलं तर चांगलं सनस्क्रीनही निकामी वाटतं.

पायरी तिसरी: मात्रा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम या हिशेबाने होते. चेहरा आणि मान मिळून अंदाजे 600 चौरस सेंटिमीटर धरले तर 1.2 ग्रॅम लागतात. बोटांच्या भाषेत, तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन भरघोस रेघा. लोक सहसा याच्या निम्मं किंवा पावभरच लावतात, आणि मात्रा निम्मी झाली की संरक्षणही साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे 50 लिहिलेल्या ट्यूबमधून प्रत्यक्षात 20-25 मिळतं.

स्वतःची सवय तपासायची असेल तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आज ट्यूबचं वजन करा, सात दिवसांनी पुन्हा करा. रोज एकदा चेहऱ्या-मानेला लावत असाल तर 8 ग्रॅमच्या आसपास कमी व्हायला हवेत. 3 ग्रॅम उतरले असतील तर सनस्क्रीन बदलण्याआधी हात बदला. दिवसातून दोनदा लावणाऱ्याला 50 ग्रॅमची ट्यूब तीन आठवडे पुरते. वर्षभर पुरवणाऱ्यांचं ऊन अडत नाही.

मिनरल क्रीम एकदम सगळं थापलं तर पांढरे पट्टे राहतात. म्हणून दोन हप्त्यांत लावा. पहिली रेघ कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी, मान अशी ठिपक्यांनी वाटा, हलक्या हाताने पसरा, दोन मिनिटं थांबा, मग दुसरी. खसाखसा चोळू नका. चोळल्याने कण सुरकुत्यांत आणि भुवयांत गोळा होतात आणि उंचवटे उघडे पडतात. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, भांग आणि ओठांच्या कडा हमखास राहतात. दुचाकीवाल्यांनी हाताची पाठ विसरू नये. हँडलवर असताना ऊन तिथेच बसतं. अर्ध्या बाहीखालच्या प्रत्येक हाताला दीड-दोन ग्रॅम लागतील.

मिनरल लावल्या लावल्या काम करतं हे खरं, पण थर बसायला दहा-पंधरा मिनिटं द्या. ओल्या थरावर स्कार्फ गुंडाळला तर अर्धं सनस्क्रीन स्कार्फला जातं.

पायरी चौथी: आधी काय, नंतर काय

मॉइश्चरायझर आधी, पूर्ण मुरल्यावर सनस्क्रीन, मेकअप त्याच्यावर. सनस्क्रीनमध्ये मॉइश्चरायझर, फाउंडेशन किंवा कोरफडीचं जेल तळहातावर कालवू नका. बाजारच्या जेलना घट्टपणा देणारा कार्बोमर झिंकच्या आयनांमुळे कोसळतो. मग चेहऱ्यावरून मळासारख्या वळ्या निघतात. सकाळी वळ्या सुटत असतील तर बहुधा आदल्या थरातलं जेल कारणीभूत असतं, सनस्क्रीन नाही. अ‍ॅव्होबेन्झोनवालं रासायनिक सनस्क्रीन आणि झिंकवालं मिनरल स्वतःच्या हाताने एकत्र करणंही टाळा. झिंकच्या सान्निध्यात उन्हात काही रासायनिक गाळण्या लवकर मोडतात आणि यूव्हीएचं संरक्षण घसरतं. कंपनीने एकत्र बनवलेल्या क्रीममध्ये त्याची तजवीज केलेली असते. आपल्या तळहातावर ती नसते.

पायरी पाचवी: पुण्यातली वेळ

घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, असं पुण्यात होत नाही. आपलं रेखांश भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला असल्याने खरा मध्यान्ह ऋतूनुसार साधारण 12:18 ते 12:49 च्या दरम्यान येतो. तेव्हा कडक ऊन ‘अकरा ते एक’ नव्हे. साडेदहा ते अडीच-तीन धरा. सोपी खूण सावलीची: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन जोरात आहे.

पुण्यात शून्य सावलीचे, म्हणजे मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येण्याचे, दिवस दोन येतात, एक 13-14 मेच्या सुमारास आणि दुसरा जुलैच्या अखेरीस. मेमधल्या उन्हाची धास्ती सगळे घेतात. जुलैत आभाळ असतं म्हणून ट्यूब कपाटात जाते, पण सूर्य तितकाच उंच असतो आणि पातळ ढगांतून बरंचसं अतिनील खाली उतरतं. ढगांत फट पडली की पूर्ण मेच येतो. सिंहगडावर पहाटे आतकरवाडीतून चढताना लावलेलं घामाने जातं आणि उतरताना, नऊ-दहाच्या उन्हात, चेहरा उघडा असतो. वर पोचल्यावर उतरण्याआधी पुन्हा लावणं जास्त मोलाचं.

उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. मिनरल कण उन्हाने खर्ची पडत नाहीत, पण घाम, स्कार्फ, हेल्मेटचा पट्टा आणि रुमाल थर ओरबाडतात. रस्त्यात पुन्हा लावायचं तर आधी कोरड्या रुमालाने घाम टिपून घ्या, पुसू नका. धूळ फार बसली असेल तर ओल्या रुमालाने हलकेच काढा, कोरडं होऊ द्या, मग लावा. घामेजल्या चेहऱ्यावर मिनरल लावलं की पांढरे ओघळ उतरतात. कांडी वापरत असाल तर एकाच जागी चार वेळा फिरवा. एका फिरकीत पुरेसं बसत नाही. कार्यालयात आत बसणाऱ्यांनी खिडकीपासून लांब असाल तर दुपारी पुन्हा लावण्याची घाई करू नये. गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतून मात्र यूव्हीए येतं.

पायरी सहावी: काढणं

तेलकट, सिलिकॉनचा थर नुसत्या फेसवॉशने पूर्ण निघत नाही आणि मग ‘झिंकमुळे पुटकुळ्या आल्या’ असं वाटतं. आधी कोरड्या चेहऱ्यावर क्लीन्झिंग बाम किंवा तेल एक मिनिट फिरवा, ओल्या हाताने दुधाळ करा, धुवा, मग फेसवॉश. मुरमं येणाऱ्यांनी यासाठी खोबरेल वापरू नये. मायसेलर पाणी (मेकअप काढायचं पाण्यासारखं द्रव) चालेल. स्क्रब नको.

काळ्या कपड्यांवरचा पांढरा डाग हा झिंकचा; भांड्यांच्या साबणाने कोरड्या डागावर चोळून मग धुतला की जातो. पांढऱ्या कॉलरवर तांबूस डाग पडत असतील तर ते अ‍ॅव्होबेन्झोन आणि पाण्यातलं लोह यांचं काम आहे. बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर ज्या सोसायट्या आहेत तिथे हे जास्त दिसतं.

घरी बनवू नका

झिंक ऑक्साइडची पूड आणून खोबरेल तेलात किंवा कोरफडीत घोटायची कृती फार फिरते. वर पिठल्याच्या गुठळ्यांचं सांगितलं ते इथे लागू होतं: चमच्याने किंवा मिक्सरने ते पुंजके फुटत नाहीत. लेप पांढरा दिसतो, समाधान वाटतं आणि मधून ऊन जात राहतं. सुटी नॅनो पूड घोटताना उडते, ती वेगळीच जोखीम. लिंबाचा रस घातला तर आम्लात झिंक ऑक्साइड विरघळायला लागतं आणि लिंबाने उन्हात त्वचेला चट्टे उठू शकतात. कॅलामाइन लोशनमध्ये झिंक असतं, पण ते खाजेसाठी आहे. एसपीएफची चाचणी झालेलं सनस्क्रीन नव्हे.

ठेवायचं कुठे

स्कूटरच्या डिक्कीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नको. मेमध्ये तिथे तापलं की तेल आणि पाणी वेगळं होतं आणि जड झिंक तळाला बसतं. पहिले काही थेंब पातळ तेलकट आले आणि ट्यूब हलवूनही क्रीम एकसारखं होत नसेल, दाणे लागत असतील, तर मुदत बाकी असली तरी ती ट्यूब टाकून द्या: वरच्या भागात झिंक कमी आणि तळाशी जास्त, म्हणजे कोणत्या दिवशी किती संरक्षण मिळालं ते कळणार नाही. पातळ दुधाळ लोशन रोज लावण्याआधी जोरात हलवा. पिशवीत न्यायची ट्यूब कापडी रुमालात गुंडाळून पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली तर दुपारपर्यंत बरी राहते.